वहींतील एक पान

गेल्या कांहीं महिन्यांत वाचकांचीं जीं पत्रें आमच्याकडे आलीं, त्यांतील बरींचशीं एकाच विषयाचीं आहेत. कुलवृत्तांताची जुळवाजुळव चालू आहे, शाखेची माहिती भरून पाठवा असें कळलें आहे. परंतु पणजोबांच्या वर गाडी जात नाहीं, काय करावें? ह्याचें उत्तर एखादा नियम सांगून देतां आलें असतें. पण नियमापेक्षां उदाहरण बरें, आणि उदाहरण घरचेंच आहे, म्हणून तें सांगतों. नांवें मात्र देत नाहीं. दोन्ही शाखांतील मंडळी आज हयात आहेत, आणि त्यांतील कांहींजणांस हा लेख आवडणार नाहीं हें आम्हांस ठाऊक आहे.

गाडी पणजोबांपाशींच कां अडते, ह्याचें कारण आपल्या नित्यकर्मांतच आहे. तर्पणांत आपण बाप, आजा व पणजा ह्यांचीं नांवें घेतों. आई, आजी व पणजी ह्यांचीं घेतों. मग मातामहांची त्रयी. चौथा पुरुष लेपभागी झाला, म्हणजे पिंड देतांना हाताला जो लेप लागतो तेवढ्याचा धनी. त्याचें नांव उच्चारण्याचें कारण उरत नाहीं, आणि जें नांव तोंडीं नाहीं तें दोन पिढ्यांत जातें. मात्र ह्याच कर्मानें एक मोठी गोष्ट करून ठेविली आहे. घरोघरच्या वंशावळी पाहा. झाडाला फांद्या पुष्कळ, पण सगळ्या पुरुषांच्या. उलट ज्यानें तीर्थश्राद्ध केलें, त्याला आईचें, आजीचें, पणजीचें नांव सांगावेंच लागलें, आणि तीर्थोपाध्यायांनीं तें वहींत उतरवून घेतलें. म्हणून विचारणारांस आम्ही प्रथम हेंच सांगतों कीं, वंशावळीचा कागद क्षणभर बाजूला ठेवा आणि नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी, गया येथील उपाध्यांच्या वह्या पाहा.

आमचें मूळ गांव राजापूर तालुक्यांतलें. खोतींत आमची एक तक्षीम होती. ती खोती १९४९ च्या कायद्यानें गेली, आणि आतां घराचा चौथरा, दोन फणस व देवळांतला मान एवढेंच शिल्लक आहे. आमचे खापरपणजोबा सत्तावन्नच्या बंडांत नानासाहेबांच्या बाजूनें लढले आणि ब्रह्मावर्तास पडले, अशी घरांतली परंपरागत कथा. लहानपणीं ती इतक्या वेळां ऐकलेली होती कीं, शाळेंत १८५७ चा धडा शिकवितांना आमचा आवाज आपोआप चढत असे. तीन वर्षांपूर्वीं गांवच्या देवळाच्या सभामंडपांत त्यांच्या नांवाची संगमरवरी पाटी बसवावी असें भाऊबंदांनीं ठरविलें. वर्गणी जमली, आणि पाटीवरचा मजकूर लिहिण्याचें काम मास्तर म्हणून आमच्याकडे आलें. मजकूर लिहावयाचा तर जन्ममृत्यूचें साल हवें. तेवढ्यासाठीं आम्हीं माळ्यावरचें दप्तर खालीं काढलें.

दप्तर म्हणजे दोन रुमाल. एकाला कसर लागलेली, दुसरा बराचसा धड. सगळें मोडींत. मोडी आम्ही तरुणपणीं शिकलों होतों म्हणून निभावलें. ज्यांना ती येत नाहीं त्यांनीं रुमाल रद्दींत देण्यापूर्वीं पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थेंत जाऊन विचारावें. १९१० सालीं स्थापन झालेलें हें मंडळ असल्याच कागदांवर उभें आहे. कागद वाचतां आला तरी तारीख फसविते. जुन्या कागदांवर सुहूर सन अरबी शब्दांत घातलेला असतो. 'तिसा अशर मयातैन व अलफ' म्हणजे नऊ, दहा, दोनशें व हजार, एकूण १२१९. त्यांत ५९९ मिळविले कीं इसवी सन १८१८. हें वर्ष मृगाला सुरू होतें, म्हणून जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतच्या कागदाला ६०० मिळवावे. घरगुती कागदांवर बहुधा शालिवाहन शक असतो. तेथें ७८ मिळवावे, वर्षाअखेरच्या महिन्यांत ७९. ही बेरीज चुकल्यामुळें एका माणसाचीं दोन माणसें झालेलीं आम्हीं वंशावळींत पाहिलीं आहेत.

पहिला कागद निघाला तो कर्जरोखा. शके १७७७, रक्कम तीनशें पंचवीस रुपये, व्याज दरमहा दर शेंकडा एक रुपया, गहाण दोन भातखाचरें. शेवटीं 'दस्तुर खुद्द', म्हणजे अक्षर खापरपणजोबांचेंच. टपोरें, उभें, आणि ओळ संपतांना शेवटचें अक्षर किंचित् वर उचललेलें. चाळीस वर्षें मुलांच्या वह्या तपासलेल्या माणसाला अक्षर विसरतां येत नाहीं. दुसरा कागद खर्चाच्या टिपणाचा, त्यांच्या धाकट्या बंधूंच्या हातचा. शके १७७८ च्या मार्गशीर्षांत तेथें लिहिलें आहे: 'दादा उत्तरेस निघाले, वाटखर्चीस रुपये ११.' मार्गशीर्ष शके १७७८ म्हणजे १८५६ चा डिसेंबर. मीरतेस ठिणगी पडली ती १० मे १८५७ रोजीं. बंडासाठीं कोणी पांच महिने आधीं अकरा रुपये घेऊन घरून निघत नाहीं.

ते कशासाठीं निघाले हें रोखाच सांगतो. पेशवाई बुडाल्यावर दक्षिणेचा ओघ आटला. १८१८ नंतर दुसरे बाजीराव ब्रह्मावर्तास जाऊन राहिले, आणि कोंकणांतलीं कित्येक घरें त्यांच्या मागोमाग तिकडे गेलीं. १८५१ त बाजीराव वारले तरी ब्रह्मावर्त, झांशी, ग्वाल्हेर हीं कर्जबाजारी भिक्षुकाचीं आशास्थानें राहिलींच. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ त घरून निघाले तेहि कर्ज फिटावें म्हणूनच. बायजाबाई शिंदे ह्यांच्या यज्ञांत दक्षिणा मिळेल असें त्यांनीं ऐकलें होतें. ते बंडांत सांपडले, झांशीचा वेढा त्यांनीं पाहिला, आणि परत येऊन १८८३ त सर्व हकीकत लिहून काढली. ती चिंतामणराव वैद्यांनीं १९०७ त छापली म्हणून आज आपणांस ठाऊक आहे. विष्णुभटांसारखे निघालेले पुष्कळ असतील. परत येऊन लिहिणारे ते एकटे.

खापरपणजोबांचें एकच पत्र घरीं आलें, ब्रह्मावर्ताहून, फाल्गुन शके १७७८ चें. सुखरूप पोंचलों, भोजनाची सोय आहे, दोन पैसे गांठीला लागतील असें दिसतें, मुलाला जपावें. मुलगा तेव्हां वर्षाचा होता. तेच आमचे पणजोबा. पुढच्या उन्हाळ्यांत बंड झालें. जुलैंत इंग्रजांची फौज ब्रह्मावर्तास पोंचली आणि तिनें नानासाहेबांचा वाडा जाळला. मग पत्र नाहीं.

बारा वर्षें गेलीं. शके १७९१ च्या वैशाखांतील खर्चाची याद दप्तरांत आहे. तूप, तीळ, यव, दर्भ, नारळ, 'पळसाचीं पानें ३६०', ब्राह्मणभोजन. एकूण रुपये एकेचाळीस, आणे सहा. ज्यांनीं धर्मशास्त्र चाळलें आहे त्यांस ३६० ह्या आंकड्यावरूनच उमज पडेल. हा पालाशविधि. देशांतरीं गेलेल्याचें वर्तमान कळेनासें झालें म्हणजे पळसाच्या पानांची मनुष्याकृति करावयाची, शिराच्या जागीं नारळ ठेवावयाचा, तिचें यथाविधि दहन करावयाचें, आणि मग सुतक व उत्तरक्रिया. यादीच्या शेवटून तिसरी ओळ 'न्हावी, आणे ४' अशी आहे. उत्तरक्रियेला न्हावी लागतोच, म्हणून ती ओळ वाचून आम्ही पुढें गेलों. रात्रीं अंथरुणावर पडल्यावर लक्षांत आलें कीं, त्या घरांत तेव्हां तीस वर्षांची एक बाई होती.

झोंप आली नाहीं. उठून पोथ्या काढल्या. बारा वर्षांचा नियम सर्वांस ठाऊक आहे. पण कमलाकरभट्टांचा निर्णयसिंधु घ्या कीं काशीनाथ उपाध्यायांचा धर्मसिंधु घ्या, तेथें वयाप्रमाणें भेद सांगितलेला आढळतो: पूर्ववयांतील मनुष्याची वाट वीस वर्षें पाहावी, मध्यमवयांतील मनुष्याची पंधरा, आणि उत्तरवयांतील मनुष्याची बारा. घरून निघतांना खापरपणजोबा सत्तावीस वर्षांचे होते. इंग्रजांच्या पुराव्याच्या कायद्यानें १८७२ त ह्या कामीं सातच वर्षें पुरेशीं मानलीं, आणि २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमांतहि तीं सातच आहेत. पण कायदा त्या बाईच्या केसांना हात लावीत नव्हता.

वीस सोडून बारा कां धरलीं? रोखा उलटून पाहिला तेव्हां पाठीवर चार ओळी दिसल्या. श्रावण शके १७९१: सावकारानें एक खाचर घेतलें, तुंबलेलें व्याज सोडलें, आणि 'भरून पावलों' असें लिहून दिलें. जिवंत माणसाचें जें व्याज सुटत नव्हतें, तें मेलेल्याचें सुटलें. एवढें वाचून आम्ही धाकट्या बंधूंस दोष द्यावयास निघालोंच होतों. परंतु त्याच रुमालांत शके १७९८ चें वाटणीपत्र आहे. त्यांत त्यांनीं पुतण्याची अर्धी तक्षीम, राहिलेलें खाचर आणि घराची पूर्वेकडची बाजू नीट मोजून त्याच्या हवालीं केली आहे. संथा त्यांनींच दिली होती, मुंज त्यांनींच लाविली, लग्न त्यांनींच केलें. भाऊबंदकीच्या मुलखांत हें थोडें नव्हे. दोष द्यावयाचा बेत आम्हीं सोडून दिला.

मृत्यूचें साल तरीहि हातीं आलें नाहीं. पालाशविधीची तिथि ही कांहीं मृत्यूची तिथि नव्हे. म्हणून गेल्या माघांत नाशिकास गेलों. रामकुंडावर गांव व उपनांव सांगितलें कीं आपले उपाध्ये कोण हें दहा मिनिटांत कळतें. त्यांच्या घरीं वह्या कापडांत बांधून गांववार लाविलेल्या होत्या. लांबट, अरुंद, पानांच्या कडा पिंवळ्या पडलेल्या. उपाध्ये वयानें आमच्याहून बरेच लहान. पण त्यांनीं आधीं वडिलांची, मग आजोबांची सही काढून दाखविली, तेव्हां आमचे हात आपोआप जोडले गेले. त्यांनीं पानें मागें मागें उलटीत नेलीं. पणजोबांचे हस्ताक्षर गेलें. त्याच्या मागच्या पानावर ते थांबले आणि म्हणाले, "हें आपणच वाचा, मास्तर."

त्या पानावर दोन नोंदी एकाखालीं एक आहेत. वरची शके १७९२ ची, धाकट्या बंधूंची. बाप, आजा, पणजा, आई, जी शके १७८८ त वारली, आजी, पणजी, आणि दोन ओळी सोडून 'ज्येष्ठ बंधु' म्हणून खापरपणजोबांचें नांव, मृतांच्या यादींत. कुटुंबांतील हयात माणसांत 'वहिनी गं. भा.', आणि पुतण्याचें नांव.

खालची नोंद शके १७९४ च्या भाद्रपदांतील. तें वर्ष सिंहस्थाचें होतें. मुंबईपासून प्रयागावरून कलकत्त्यापर्यंतचा लोहमार्ग १८७० त जोडला गेला होता; विष्णुभटांना जी वाट महिनोन् महिने पायीं तुडवावी लागली, ती आतां थोड्या दिवसांची झाली होती. नोंद आठ ओळींची आहे. 'हल्लीं वस्ती काशी.' बाप, आजा, पणजा, आई, आजी, पणजी. पुत्र एक, त्याचें नांव. पत्नी सौ., आणि तिचें नांव. शेवटीं 'दस्तुर खुद्द'. अक्षर टपोरें, उभें. ओळ संपतांना शेवटचें अक्षर किंचित् वर उचललेलें.

रोख्याचें छायाचित्र आम्हीं मोबाईलवर घेऊन ठेविलें होतें. तें वहीच्या शेजारीं धरलें. उपाध्यांनीं पाहिलें, आम्हीं पाहिलें, आणि कांहीं वेळ कोणीच बोललें नाहीं.

आणखी एक गोष्ट त्यांनींच बोट ठेवून दाखविली. वरच्या नोंदींत बंधूंनीं पणजीचें नांव चुकविलें होतें. त्या नांवाच्या डोक्यावर, खालच्या नोंदीच्याच अक्षरांत, बारीक करून बरोबर नांव लिहिलेलें आहे. म्हणजे वरची नोंद खापरपणजोबांनीं वाचली. आई गेल्याचेंहि त्यांना बहुधा त्याच पानावर कळलें. पणजीचें नांव त्यांनीं दुरुस्त केलें. त्याच यादींत खालीं त्यांचें स्वतःचें नांव होतें; त्याला त्यांनीं हात लाविला नाहीं.

परत येण्याची वाट शास्त्रानें बंद केलेली नव्हती. पालाशविधि झालेला मनुष्य जिवंत परतला तर त्याला तुपाच्या कुंभांत स्नान घालावें, जातकर्मापासून त्याचे सर्व संस्कार पुन्हां करावे, आणि त्यानें त्याच पत्नीशीं पुन्हां विवाह करावा, असें निबंधकारांनीं लिहून ठेविलें आहे. असे प्रसंग घडत असले पाहिजेत. न घडणाऱ्या गोष्टीसाठीं कोणी तुपाचा कुंभ भरून ठेवीत नाहीं. पण केशवपन झालेल्या तेहतीस वर्षांच्या बाईला अंतरपाटापलीकडे उभी करावयाची, सतरा वर्षांच्या मुलाच्या देखत सप्तपदी घालावयाची, आणि तीहि ज्या सावकारानें व्याज सोडलें त्याच्या डोळ्यांपुढें! त्या काळच्या आमच्या गांवांत हें निभावलें असतें असें आम्हांस वाटत नाहीं. त्यांनाहि वाटलें नसावें. काशींत त्यांनीं दुसरा संसार मांडला असेल, अशी शंका आमच्या एका पुतण्यानें काढली. नोंदींत दुसऱ्या पत्नीचें नांव नाहीं, दुसऱ्या मुलाचेंहि नाहीं. ज्याला पुढें आपलें श्राद्ध व्हावेंसें वाटतें तो तीर्थोपाध्यायाच्या वहींत मुलगा लपवीत नाहीं. तेव्हां ती शंका आम्हीं मान्य केली नाहीं.

निघतांना उपाध्यांनीं रीतीप्रमाणें वही आमच्यापुढें सरकविली. आम्हीं आमची नोंद बाळबोधींत लिहिली. त्रयींत खापरपणजोबा बसत नाहींत. यादी संपल्यावर थोडी जागा उरली होती, तेथें त्या दोघांचीं नांवें लिहिलीं. उपाध्यांनीं हरकत घेतली नाहीं.

घरीं मात्र कांहींच कळलें नव्हतें असें म्हणावें, तर तेंहि खरें नाहीं. नाशिकाहून परतल्यावर शके १७९४ चें खर्चाचें टिपण पुन्हां काढलें. कार्तिक वद्य चतुर्थीला तेथें आहे: 'नाशिकचें बैरंग पत्र, आणा १.' त्या वेळीं साध्या पत्राला अर्धा आणा पडे, आणि तिकीट न लाविलेल्या पत्राला घेणाराकडून दुप्पट वसूल होई. तीन दिवसांनीं: 'नाशिकास पत्र, तिकीट पै ६.' पुढें कांहीं नाहीं. आलेल्या पत्रांत काय होतें आणि गेलेल्यांत काय होतें, हें सांगणारा कागद नाहीं. न्हाव्याच्या चार आण्यांचा कागद दीडशें वर्षें राहिला, तें पत्र राहिलें नाहीं.

खापरपणजींना कोणी सांगितलें काय? आमची आजी अकराव्या वर्षीं ह्या घरांत आली, आणि शके १८२९ त खापरपणजी वारल्या तोंपर्यंत चार वर्षें तिनें त्यांना पाहिलें. आजी सांगत असे: बोलणें अगदीं थोडें, सोवळें कडक, अंगावर लाल आलवण, आणि हातानें कायम कांहींतरी निवडणें चाललेलें. मुलींवर त्या रागावत नसत. वर्षांतून एक दिवस, नवऱ्याच्या श्राद्धाच्या दिवशीं, त्या घरांत थांबत नसत. पहाटेस उठून नदीकडे जात आणि दिवेलागणीला परत येत. त्या दिवशींचें अन्न त्यांनीं कधीं तोंडांत घातलें नाहीं, आणि मुलानेंहि त्यांना कधीं आग्रह केला नाहीं. दुःख अजून ओलें आहे, असा घरांत त्याचा अर्थ होई. आजीनेंहि आम्हांस तोच सांगितला, आणि आम्हीं इतकीं वर्षें तोच धरला. आतां तो धरवत नाहीं. दुसरा अर्थ मनांत येतो, पण त्याला पुरावा नाहीं, आणि पुराव्यावांचून गुण देण्याची संवय आम्हांस शाळेंतहि नव्हती.

भाऊबंदांस हें सर्व वाचून दाखविलें. एकानें विचारलें, "दीडशें वर्षांनंतर कोण पाहावयास येणार आहे, अण्णा?" दुसरा म्हणाला, "बंडांत ते नव्हतेच असें तरी कशावरून?" हा दुसरा प्रश्न रास्त आहे. १८५७ च्या उन्हाळ्यांत ते ब्रह्मावर्तास असतील. कोणाला त्यांनीं घरांत लपविलें असेल, कोणासाठीं अनुष्ठानाला बसले असतील. पण 'तेथें पडले' असें लिहितां येत नाहीं, आणि पाटीवर दुसरें कांहीं कोणाला नको होतें. आम्हीं मजकूर लिहून दिला नाहीं. वर्गणीचे पैसे अजून देवळाच्या खात्यांत पडून आहेत, आणि दोन घरांशीं आमचें येणेंजाणें कमी झालें आहे.

कुलवृत्तांताचा अर्ज मात्र भरून पाठविला. खापरपणजोबांच्या मृत्यूच्या रकान्यांत 'शके १७९४ नंतर, बहुधा काशी' एवढेंच लिहिलें. पत्नीच्या रकान्यापाशीं लेखणी दोन दिवस अडली, कारण नांवामागें सौ. कीं गं. भा. तें स्पष्ट लिहावें अशी छापील सूचना होती. शेवटीं नाशिकच्या वहींतील खालच्या नोंदींत जें अक्षर आहे तें जसेंच्या तसें उतरविलें. परवां संपादकांचें पत्र आलें: बंधूंच्या शाखेच्या अर्जांत हे गृहस्थ शके १७९१ त वारल्याचें नमूद आहे, तेव्हां त्यांच्या पत्नी शके १७९४ त सौ. कशा, ह्याचा खुलासा व्हावा. खुलासा लिहावयास बसलों तो चार पानें झाला. त्यांतला बराचसा भाग वर आला आहे. उरलेला भाग नांवांचा आहे, तो उद्यांच्या टपालानें जाईल.